पायमशीनच्या चार लेकी

टीपमावशींच्या डोळ्यांतून टिपं गळताना आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलं नाही, पण मशीनवर टीप मारताना गल्लीनं त्यांना चाळीस वर्षं पाहिलंय. नवरा गेला त्या महिन्यातसुद्धा शाळेचे गणवेश वेळेवर गेले. त्यांची आणि माझी भिंत एकच. भिंतीला कान असतात म्हणे; मला विचाराल तर कान माझेच, भिंत आपली नुसती मध्ये उभी. मशीनच्या आवाजावरून मी सांगायचो की आत काय शिवणं चाललंय. लांब सरळ धाव म्हणजे उशीचा अभ्रा. दोन पावलं चाल आणि एक थांबा म्हणजे कॉलर. भर दुपारी एकदम शांतता पसरली तर समजायचं, कुणीतरी बाई पोट आत ओढून कंबरेचं माप देतेय. मावशी तिला खोटं पाडायच्या नाहीत. शिवणीत मुकाट्यानं दोन इंच जास्त माया सोडायच्या, आणि चार महिन्यांनी तीच बाई तोंड लपवत आली की तितक्याच मुकाट्यानं उसवून द्यायच्या. बोलणं कमी, बघणं फार. माझं नेमकं उलटं, म्हणून आमचं जमतं.

मागच्या अंगणात त्यांच्या अकरा कोंबड्या. सात घरंदाज, म्हणजे रीतसर आईच्या पंखाखाली जन्मलेल्या. उरलेल्या चौघींना गल्ली 'रेडिमेड' म्हणते. हे नाव कुणी ठेवलं ते सांगायला नकोच.

झालं होतं असं. उन्हाळ्याच्या शेवटी एक कोंबडी खुडूक झाली होती. अंडी पोटाखाली घेऊन बसायची ती जागची हलायची नाही. बाराव्या दिवशी एका भटक्या बोक्यानं तिला ओढून नेलं. मागं चार अंडी शाबूत राहिली, अजून कोमट. दुसरं कुणी असतं तर हळहळून फेकून दिली असती. मावशींनी एका टोपलीत चिंध्यांची गादी केली, अंडी त्यात ठेवली, टोपली मशीनच्या लोखंडी पायाला टेकवली आणि वरचा पिवळा बल्ब खाली ओढून घेतला. गणवेशांचा हंगाम होता. सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत मशीन चालायची. एक बाही झाली की मावशी वाकून चारही अंडी उलटवायच्या, मग दुसरी बाही. मी खिडकीतून विचारलं की पिल्लांना बटणं पुढून लावणार का मागून. नवव्या दिवशी चारही फुटली. मग मी गल्लीच्या टोकापर्यंत बातमी पोचवली, की मावशींकडे आता पिल्लंही शिवून मिळतात.

पाच-सहा महिन्यांत त्यांच्या तलंगा झाल्या, आज-उद्या पहिलं अंडं देतील अशा तरण्याताठ्या. आणि नेमके तेव्हाच मावशींचे गुडघे रुसले. पाय मारायचं बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं. परगावचा मुलगा मोटारीची नवी मशीन घेऊन आला, आणि जुनी त्यानं त्याच दिवशी मागच्या गल्लीतल्या छत्रीवाल्याला देऊन टाकली. हा छत्रीवाला छत्र्या दुरुस्त करतो, पिशव्या शिवतो आणि माणसाशी चार शब्दांच्या वर बोलत नाही. मावशी हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. नवी मशीन नुसतं घुर्र करायची आणि दिवसाचं काम दोन तासांत उरकायची. मला त्या आठवड्यात दुपारची झोप लागेना. मी वयाला शिव्या देत पडून राहायचो.

तिसऱ्या दिवशी चौघी बिघडल्या. त्यांनी खाणं सोडलं. अंगणाच्या मधोमध माना ताणून उभ्या राहायच्या, डोकं कधी या अंगाला कलतं, कधी त्या. आणि एवढ्या वाढलेल्या कोंबड्या, पण गळ्यातून आवाज निघायचा तो एका दिवसाच्या पिल्लाचा, बारीक, चिरका, न थांबणारा. संध्याकाळी बाकीच्या सातजणी खुराड्यात शिरल्या तरी या बाहेरच. एकेकीला धरून आत टाकावं लागे.

गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी पिसं फुंकून पाहिली, चोची उघडून पाहिल्या. काही सापडेना, आणि काही सापडलं नाही की डॉक्टर मंडळी जास्तच गंभीर होतात. म्हणाले, डोक्यात शिरणारी एखादी साथ असू शकते. चौघींना जाळीआड वेगळं ठेवा. मी रविवारी येतो, तोवर सुधारल्या नाहीत तर मारून पुरायच्या. नाहीतर सातही जातील आणि शेजारपाजारच्याही.

रविवार पाच दिवसांवर होता. सुतावरून स्वर्ग गाठायला मला नेहमीच कमी सूत लागतं. मी गल्लीला तीन कारणं पुरवली: मोटारीचा विजेचा झटका, परगावच्या सुनेची नजर, आणि कुणीतरी टाकलेले विषारी दाणे. एकही खरं नव्हतं, तिन्ही खपली. मावशी मात्र शिवण बाजूला ठेवून दुपारच्या दुपार जाळीजवळच्या पायरीवर बसून राहायच्या, गिऱ्हाइकाच्या खांद्याकडे बघावं तशा कोंबड्यांकडे बघत. गुरुवारी मला म्हणाल्या,

"भाऊजी, आजारी जीव मान टाकून आपल्यात बुडतो. यांच्या माना वर आहेत. या कान लावून बसल्यात. यांचं काहीतरी हरवलंय."

मी म्हटलं, अक्कल हरवली असेल. मावशी हसल्या नाहीत, तेव्हा मला कळलं की त्यांना रविवार दिसतोय.

शुक्रवारी सकाळी जाळीला भोक आणि चौघींतली एक गायब. तासाभरात पत्ता लागला: छत्रीवाल्याच्या दुकानात, टेबलाखाली. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. पाच-सहा माणसं गोळा करून, मावशींना पुढं घालून मी तिथं पोचलो आणि छत्रीवाल्याला विचारलं, ही कुठली छत्री दुरुस्तीला आलीय. बिचारा जन्मात बोलला नसेल इतकं बोलला.

"मी आणली नाही. शिवायला बसलो की येऊन बसते. थांबलो की रडते. सकाळपासून हेच चाललंय. आता मी पिशव्या शिवू का हिचे डोळे पुसू?"

लोक हसले. मावशींचं कोंबडीकडे लक्षच नव्हतं. त्या मशीनकडे बघत होत्या, आपल्या जुन्या मशीनकडे.

"जरा चालवा बघू," त्या म्हणाल्या.

त्यानं सुईखाली एक पिशवी सरकवली आणि पाय मारायला लागला. कोंबडी आली. लोखंडी पायाला अंग टेकवून बसली, पिसं फुलवली, आणि तिच्या पापण्या, कोंबडीच्या मिटतात तशा, खालून वर मिटत गेल्या. छत्रीवाला थांबला. डोळे उघडले, मान ताठ झाली आणि तो चिरका आवाज सुरू झाला. पुन्हा पाय मारला, पुन्हा ती निवांत. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी गोळा केलेल्या माणसांना मीच हातानं मागं सारलं आणि खाली वाकून बघू लागलो.

मावशींनी मशीनच्या त्या पायावरून बोट फिरवलं. टोपली इथंच टेकलेली असायची, एवढंच म्हणाल्या.

घरी येताना मला शंका आली. मी वाद घातला, की अहो बाई, टोपलीत होती ती पिल्लं नव्हती, अंडी होती. कवचाला का कान असतात? अंडी फुटली तशी पिल्लं तुम्ही आठवड्यात अंगणात सोडली. त्या रस्ताभर बोटांवर दिवस मोजत होत्या. माप घेताना त्या कधीच उत्तर देत नाहीत.

शनिवारी सकाळी त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. सातांपैकी एक कोंबडी त्या दिवसांत अंड्यांवर बसली होती आणि तो तिचा विसावा दिवस होता. मावशींनी हळूच तिच्या पोटाखालून एक अंडं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"कानाला लावा."

मला वाटलं, इतक्या वर्षांच्या चेष्टेचा सूड घेतायत. तरी लावलं. आधी माझ्याच कानातली सणसण ऐकू आली. मग आत कुणीतरी टकटक केली, अगदी नखानं करावी तशी. आणि मग आवाज आला. चिक्. जे अजून जन्मालाच आलेलं नव्हतं ते बोललं. पंच्याहत्तर वर्षं मी लोकांच्या बंद दारांना कान लावत आलोय, पण असं दार कधी भेटलं नव्हतं.

तेवढ्यात घरट्यातली आई खालच्या सुरात गुरगुरली. हातातलं अंडं एकदम गप्प झालं. मग त्यानं उत्तर दिलं, दोनदा. आई पुन्हा बोलली, अंडं पुन्हा बोललं. त्या दोघांचं नीट बोलणं चाललं होतं, फक्त मध्ये भिंत होती. मी खाली बसलो. उभं राहून ऐकण्यासारखं ते नव्हतंच.

"आतून ऐकू येतं, भाऊजी," मावशी म्हणाल्या. "या चौघींच्या आईला बोका घेऊन गेला. पुढचे नऊ दिवस यांना कुणाचा आवाज आला असेल?"

मला सांगायची गरज नव्हती. तेच नऊ दिवस भिंतीच्या अलीकडून मीही तोच आवाज ऐकला होता. बाही, थांबा, अंडी उलटवणं, बाही. त्यांची आई ओतीव लोखंडाची होती, आणि आम्ही ती हातगाडीवर घालून मागच्या गल्लीत देऊन टाकली होती.

दुपारी छत्रीवाला तीच हातगाडी ढकलत आला. मशीन व्हरांड्यात जुन्या जागी ठेवली. मावशी गुडघ्यांवर हात ठेवून बाजूला बसल्या आणि पाय मारायला तो बसला. मी जाळीचं दार उघडलं. पहिल्या टिपेला चौघींच्या माना वळल्या. दुसऱ्या टिपेला त्या धावत सुटल्या, पंख पसरून, एकमेकींना तुडवत, आणि त्या लोखंडी पायाला चिकटून ओळीनं बसल्या. आवाज बंद. त्यांच्या पापण्या खालून वर मिटल्या. छत्रीवाल्यानं घाबरून वेग कमी केला, तेव्हा मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, "थांबू नका. नीट चाललंय." अर्ध्या तासानं एकेक उठली आणि दाण्यांवर अशी तुटून पडली की घरंदाज मंडळी चिडली.

रविवारी डॉक्टर पिशवी घेऊन आले तेव्हा चौघी अंगणात माती उकरत होत्या. मला सगळं सांगायची घाई झाली होती, पण मावशींनी मला हातानं गप्प केलं आणि डॉक्टरांच्या कानाशी ते अंडं धरलं. डॉक्टरांनी ते बराच वेळ धरून ठेवलं. इतकी वर्षं मेलेल्या कोंबड्या उघडून आत काय बिघडलंय ते बघतोय, म्हणाले, पण अंड्याला कान लावायचं कधी सुचलं नाही. पिशवी न उघडताच गेले. चहाही घेतला नाही, आणि जाताना अंगणातून चोरपावलांनी गेले, कुणी झोपलंय अशा थाटात. अंडं संध्याकाळी फुटलं.

आता छत्रीवाला रोज दुपारी पिशव्या शिवायला मावशींच्या व्हरांड्यात येतो. तो पायमशीनवर, मावशी आत मोटारीच्या मशीनवर, आणि त्याच्या पायाशी चौघी. दोघांत दिवसाकाठी आठ शब्द होत असतील. गल्लीत याचा अर्थ काय लावतात ते मी सांगणार नाही. बराचसा मीच लावून दिलाय. परवा मावशींना विचारलं, की पिशव्यांचं माप घेताना माया किती सोडता. त्यांनी माझ्या अंगावर चिंध्यांचं गाठोडं भिरकावलं.

एक गोष्ट मात्र मी गल्लीत कुणाला सांगितलेली नाही. त्या शनिवारी पलीकडे पायमशीन चालूच होती तेव्हा मी घरी परतून भिंतीच्या या बाजूला जरा टेकलो होतो. छत्रीवाल्याचा पाय मावशींइतका सरळ चालत नाही. तरी तिसऱ्या की चौथ्या शिवणीला माझेही डोळे मिटले, आणि आठवड्यात पहिल्यांदाच मला दुपारची गाढ झोप लागली.