चिरुटांवरचं ऊन

नव्वदच्या दशकात नाशिकमध्ये कोणाचं माणूस परदेशात जाऊन आलंय, हे त्या घरातल्या शोकेसवरून कळायचं. सेंटची रिकामी बाटली, निळ्या डोळ्यांची बाहुली, चॉकलेटचा डबा, काहीही चालायचं, फक्त तिकडचं हवं. आणलेली वस्तू वापरायची नाही, काचेत ठेवायची. माझ्या माहेरचं शोकेस धाकट्या बहिणीचं लग्न होईपर्यंत गरीबच होतं. त्यात एक पितळी गणपती, माझी शाळेतली ढाल आणि चिनी मातीचे सहा कप, एवढाच ऐवज.

धाकटीचा नवरा बोटीवर अधिकारी. माझे यजमान सिन्नरच्या कारखान्यात. सकाळी द्वारका चौकातून कंपनीची बस पकडायची आणि संध्याकाळी तिथेच उतरायचं. उतरल्यावर आधी माझ्या माहेरी डोकावून मग घरी. नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लाइटबिल भरणं, गॅसचा नंबर लावणं, नळाचा वॉशर बदलणं, सगळं हेच करत. त्याबद्दल नानांनी यांना कधी 'बसा' म्हणून खुर्ची पुढे केल्याचं मला आठवत नाही. धाकटीच्या नवऱ्याला मात्र 'जावईबापू'. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय!

एका दिवाळीला मी माहेरच्या हॉलसाठी पडदा शिवला. खिडकी पश्चिमेची, आणि दुपारचा चहा झाला की नाना समोरच्या आरामखुर्चीत पेपर घेऊन बसत. ऊन थेट डोळ्यांवर. ते पेपर तिरका धरत, डोळे मिचकावत, पण जागा सोडत नसत. मी दाट मोतिया रंगाचं कापड आणलं, खालच्या काठाला जाईच्या वेलाचं भरतकाम केलं. नाना म्हणाले, "बरा आहे." नानांकडून 'बरा' म्हणजे पुष्कळच. आठ-पंधरा दिवस मी हवेत होते.

आणि जावईबापू सुट्टीवर आले. नानांसाठी त्यांनी सिगारची पेटी आणली. लाकडी पेटी, वर काचेचं झाकण, आत लालसोनेरी कागदी पट्ट्या ल्यालेले काळेभोर जाडजूड सिगार. नाना त्यांना चिरूट म्हणत. आता नाना कसे, तर सुपारीचंही व्यसन नाही. माझ्या चुलत्यांना बिडी ओढायची झाली तर त्यांनी कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली जायचं, असा नियम. पण तंबाखू समुद्र ओलांडून आली आणि थेट गणपतीशेजारी जाऊन बसली! आई पुटपुटली, "देवापासून तरी थोडं लांब सरकवा." नानांनी सरकवलं ते देवालाच.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर खिडकी उघडीबोडकी. पडदा घडी करून ट्रंकेत.

"अगं, काचेवर उजेड पडत नाही," नाना म्हणाले. "बघ ना, ऊन आलं की पट्ट्या कशा चमकतात!"

माझा असा तिळपापड झाला! कोणीही आलं की नाना त्याला उन्हाच्या वेळी मुद्दाम शोकेससमोर बसवत आणि आमच्या जावयांची बोट कुठकुठे जाते ते सांगत. हे तिथेच स्टुलावर चढून ट्यूबलाइटचा चोक बदलत असले तरी त्यांची ओळख करून द्यायचं नानांना सुचत नसे. त्या पेटीकडे बघितलं की मला धाकटीचं तोंड दिसायचं, आणि धाकटी तर बिचारी कधी मोठेपणाने बोललीही नाही. त्याचाही मला रागच येई. भांडली असती तर मी चार शब्द तरी सुनावले असते.

बरीच वर्षं ती पेटी कोणी उघडलीही नाही. मग नानांची एकसष्टी झाली. त्या दिवशी दुपारी हॉल पाहुण्यांनी भरला होता. नानांचे एक जुने साहेब आले होते, ते ओढणारे. नाना ऐटीत म्हणाले, "जावईबापू, साहेबांना आपला चिरूट द्या."

जावईबापूंनी झाकण उघडलं. उचलला तसा सिगार वरून तडकला आणि कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सतरंजीवर पडले. वरची बाजू पार फिकी, पिवळट. कागदी पट्टी सरकली तर तिच्याखालचं कडं तेवढं काळंभोर. साहेबांनी हुंगून बघितलं आणि हसून खाली ठेवला. वास म्हणून उरला नव्हता.

"नाना, उन्हात ठेवलेत होय?" जावईबापू म्हणाले. "उन्हाने पानाचा रंग उडतो, आतलं तेल सुकतं. याला अंधार लागतो, थोडी ओल लागते."

नानांचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. जे मला कधी जमलं नसतं ते उन्हाने बसल्या जागी केलं होतं. आता ती पेटी हलणार, आणि तिच्या जागी नसेना का माझं काही, पण धाकटीचं तरी असणार नाही.

पाहुणे गेल्यावर नाना पेटी मांडीवर घेऊन बसले. एकेक सिगार हलक्या हाताने उलटा केला. खालची, काळी राहिलेली बाजू वर आली. पट्ट्या सारख्या केल्या, झाकण लावलं आणि पेटी होती तिथेच परत ठेवली. मग मला म्हणाले, "तुझा तो पडदा असेल ना गं ट्रंकेत? काढ बरं."

मी काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, पण रंग जसाच्या तसा होता. हे नेहमीप्रमाणे स्टुलावर चढले. जाईचा वेल खिडकीवर उलगडला तशी धाकटी मनापासून म्हणाली, "ताई, किती सुरेख भरलायस! नाना, असा पडदा काढून कशाला ठेवला होतात?"

"अगं, तेव्हा ऊन नुसतं माझ्याच डोळ्यांवर येत होतं," नाना म्हणाले.

यांनी स्टुलावरून विचारलं, "सरळ आहे ना?" पडदा डावीकडे चांगला बोटभर उतरला होता. "आहे," मी म्हणाले. "उतरा आता, बसा."