म्हातारीचं सूप

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, पण आमच्या भागात मला ओळखतात ते दंडारीतली, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातली, म्हातारी म्हणून. लुगडं नेसलं की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही. दंडारीत लिहिलेलं कोणी बोलतच नाही. समोरचा विचारतो, आपण सुचेल ते ठोकून द्यायचं.

म्हणूनच निवडणुकीत मतदार जागृतीचं काम माझ्या गळ्यात पडलं. मोहाडीच्या आठवडी बाजारात भर दुपारी खेळ लागला. ढोलकीवाल्याने विचारलं, "बुढे, मत कोनाले देशीन वं?" मी नेहमीसारखं हातातलं सूप पाखडत म्हणालो, "हे सूप हाती आहे तवर मले कायचं भेव? गोटे फेकीन, तांदूळ ठेवीन. तुमीबी सूपच धरा."

लोक हसले, ते ठीक. पण मागून दहा-बारा जण शिट्ट्या मारायला लागले, मोबाइल वर झाले. ढोलकीवाला माझ्या कानाशी आला. "मास्तर, काय बोलून राहिले? काल चिन्हं वाटली. एका अपक्षाले सूप भेटलं."

आचारसंहिता लागलेली, मी सरकारी नोकर आणि कार्यक्रमही सरकारचाच. जात्यातले रडतात, सुपातले हसतात म्हणतात; मी एका वाक्यात सुपातून जात्यात पडलो होतो. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावभर फिरला. बायको म्हणाली, "आता नोकरी जाते का जी?" मी वाढलेलं ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या निवडणूक अधिकारी साहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा त्यांना हसू आलं, ते त्यांनी लगेच दाबलं. "चूक नकळत झाली, असं लिहून द्या. आणि पुढच्या खेळात मनाचं एक अक्षर नको. कागद देतो, तोच वाचा." मी सही केली.

पुढच्या बाजारात लुगडं नेसून कागद वाचला. लोकशाहीचं बळकटीकरण, राष्ट्रीय कर्तव्य, वगैरे. म्हातारी असं कधी बोलत नाही. लोक एकेक करून भाजीच्या दुकानांकडे वळले. पुढे बसलेल्या एका बाईने विचारलं, "मास्तर, तब्येत बरी नाही का जी?"

"बरी आहे," मी म्हणालो. कोणी हसलं नाही म्हणून मला हायसं वाटलं होतं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?