गच्चीवरची यार्देन

सिंधुबाई बिरादार जळकोट तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून भूगोल शिकवत निवृत्त झाल्या. नकाशा भिंतीवर टांगला की मरतो, असा त्यांचा ठाम समज होता. नकाशा जमिनीवर पाहिजे आणि पोरं त्याच्यावरून चालली पाहिजेत. एका शाळेच्या पटांगणात त्यांनी पोरांकडून गोदावरी खणून घेतली होती. ती इतकी मनापासून खणली गेली, की तपासणीला आलेल्या केंद्रप्रमुखांची मोटरसायकल नांदेडजवळ नदीत गेली.

निवृत्तीनंतर त्या आणि त्यांचे यजमान रामलिंगअप्पा लातूरला, औसा रोडच्या मागच्या आमच्या कॉलनीत राहायला आले. खालचा मजला त्यांनी भाड्यानं दिला. तिथं झिराडकर कुटुंब आलं. एलियाझर झिराडकर सोयाबीन तेलाच्या कारखान्यात केमिस्ट होते. ठाण्याचे, मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल ज्यू. घरात मराठीच बोलायचे.

पहिल्याच दिवशी त्यांची बायको हन्ना वर आली आणि म्हणाली, "बाई, ही आमची शिरा."

सिंधुबाईंनी वाटी घ्यायला हात पुढं केला. हन्नाच्या हातात काहीच नव्हतं. मागं एक दहा वर्षांची मुलगी उभी होती.

"हिब्रूत शिरा म्हणजे गाणं," मुलीनं सवयीनं सांगितलं. हा प्रकार तिच्या बाबतीत नवा नसावा.

"बरं झालं सांगितलंस बाळा. मी चमचा आणायला निघाले होते."

शिराचा धाकटा भाऊ नोआम आठ वर्षांचा होता. ठाण्याला असताना दोघं दर रविवारी सिनेगॉगच्या वर्गाला जात. लातूरला तसं काही नव्हतं. ठाण्याहून राहेलआजी फोनवर सारखी विचारायची, "पोरांना आपल्या वाडवडिलांच्या देशाचं काही शिकवतेस की नाही?" म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत हन्नानं लॅपटॉपवर धडे सुरू केले. खिडकीतून ते सिंधुबाईंना ऐकू येत. हन्ना वाचायची, नोआम जांभया द्यायचा. तिसऱ्या जांभईला सिंधुबाई खाली उतरल्या.

"हन्ना, ह्या पोरांना माझ्याकडं दे."

"पण बाई, तुम्हाला इस्राएलबद्दल..."

"काय बी माहीत न्हाई. तू मला सांग, मी त्यांना सांगते. शनिवारपासून सुरू करू."

"शनिवारी आमचा शब्बाथ. त्या दिवशी काम नसतं."

"हाव, मग रविवारी. तवर मी शिकून घेते."

आठवडाभर सिंधुबाई रोज संध्याकाळी हन्नासमोर वही न घेता बसल्या आणि तिला भंडावून सोडलं. नदी कुठून निघती, कुठं संपती, थंडी कुठं पडती, लोक खातात काय? हन्नाला निम्म्या प्रश्नांसाठी राहेलआजीला फोन लावावा लागला.

रविवारी सकाळी गच्चीवर खडूनं देश आखला गेला. हर्मोन पर्वत उत्तरेला हवा होता, आणि पर्वत होण्याजोगी एकच वस्तू गच्चीवर होती, ती म्हणजे पाण्याची टाकी. ती नैऋत्येला होती.

"आजच्यापुरती उत्तर तिकडं," सिंधुबाईंनी जाहीर केलं.

"वास्तुशास्त्रात असं चालत न्हाई," रामलिंगअप्पा म्हणाले.

"तुम्ही पेपर वाचा."

टाकीपासून ठिबकची जुनी नळी सोडली. ती यार्देन, म्हणजे जॉर्डन नदी. वाटेत एक परात ठेवली, तो गालीलचा समुद्र. शेवटी कपडे भिजवायचा मोठा टब आणि त्यात खडेमिठाची अख्खी पिशवी. तो मृत समुद्र. जेरुसलेम विटांचं बांधलं. भूमध्य समुद्रासाठी निळी ताडपत्री अंथरायची होती, पण नेमक्या किनाऱ्यावर इंदूवहिनींच्या कुरडया वाळत होत्या. इंदूवहिनी शेजारच्याच. त्यांच्या गच्चीवर पलीकडच्या कोचिंग क्लासच्या होस्टेलच्या पत्र्यांची सावली पडायची, म्हणून त्यांची वाळवणं इकडं असत.

"काकूंच्या कुरडया किनाऱ्यावरच राहू देत," शिरा म्हणाली. "समुद्र थोडा मागं घेऊ."

मग मुलं नदीच्या काठानं चालली. परातीत त्यांनी कागदाच्या होड्या सोडल्या. टबात अंडं टाकलं, ते तरंगलं. सिंधुबाईंना स्वतःलाच इतका आनंद झाला, की त्यांनी अप्पांना पेपर सोडून बघायला लावलं. त्यानंतर डोळे बांधून चव ओळखायचा खेळ झाला. त्या देशाची म्हणून सात पिकं सांगतात. गहू, जव, द्राक्षं, अंजीर, डाळिंब, खजूर ही सहा लातूरच्या बाजारात मिळाली होती. सातवं ऑलिव्ह एका मॉलमध्ये बाटलीत सापडलं. नोआमनं ते तोंडात घेतलं आणि थेट भूमध्य समुद्रात थुंकलं. सिंधुबाईंनीही एक खाऊन बघितलं.

"ह्यापरीस आमची लिंबोळी बरी," त्या म्हणाल्या आणि सभ्यपणे गिळून टाकलं.

हन्नानं सांगितलं, की मृत समुद्रात माणसं पाठीवर पडून निवांत पेपर वाचतात. हे नोआमनं फारच मनावर घेतलं. सगळे खाली पाणी प्यायला गेले, तेव्हा त्यानं अप्पांचा पेपर उचलला आणि टबात बसला. तो तरंगला नाही. टब मात्र कलंडला. मृत समुद्र जेरुसलेमच्या विटांमधून वाट काढत भूमध्य समुद्राकडं निघाला आणि किनाऱ्यावरून गेला.

त्याच वेळी इंदूवहिनी वर आल्या.

"हे काय करायलास रे?"

चिंब भिजलेला नोआम उभा राहिला. "हा मृत समुद्र आहे, काकू. ह्यात कुणी बुडत नाही."

"माझ्या कुरडया बुडाल्या की!"

इंदूवहिनी चिडल्या ते साहजिकच होतं. गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटायचा, चीक शिजवायचा, सगळी मेहनत वाया गेली होती. सिंधुबाईंनी कुणाला पुढं केलं नाही. "चूक माझी, वहिनी. पोरांवर लक्ष मी ठेवायला पायजे होतं. आपण नव्यानं करू, सगळ्यांनी मिळून." नव्या गव्हाला पाणी बदलायचं काम मुलांनी घेतलं. चीक शिजल्यावर इंदूवहिनींनी त्यांना गूळ घालून बशीभर दिला. तोवर त्यांचा राग बराच उतरला होता. शिरानं आणखी चीक मागितला तेव्हा उरलेला रागही गेला.

त्या दिवसांत नकाशा पुन्हा उभा राहिला. हन्नानं राहेलआजीच्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. शिमशोनआजोबा तरुणपणीच कोकण सोडून इस्राएलच्या दक्षिणेकडच्या वाळवंटातल्या दिमोना गावी गेले होते.

"माझा दिमोना कुठं ठेवलाव?" त्यांनी विचारलं.

"कोरफडीच्या कुंडीजवळ," नोआम म्हणाला.

"अजून खाली घे. अजून. हां, बस! आता माझ्या घराची खिडकी उघडेल."

सिंधुबाईंनी फोन हातात घेतला. "नमस्कार. पानी मिळतं का हो तिकडं?"

"मिळतं. तुमच्याकडं?"

"उन्हाळ्यात टँकर येतो."

"मग मुलूख बरोबर निवडलाव," म्हातारा हसला. मग डोळे बारीक करून त्यानं गच्ची पुन्हा न्याहाळली. "पण नवगाव कुठाय? आपले वाडवडील इथनं निघाले, गलबत फुटलं नि अलिबागजवळ नवगावला लागले, असं माझी आजी सांगायची. ती वाटच नाही दाखवलीत?"

गच्ची तर संपली होती. मग शिरा जिन्याकडं पळाली. समुद्राची वाट जिन्यावरून खाली उतरली, वळणावर गलबत फुटलं, आणि अंगणात, नळाशेजारी, नवगाव वसलं. एलियाझर कारखान्यातून आले आणि नवगावात उकिडवे बसले. वाडवडिलांनी तिथं तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत, असं त्यांनी मुलांना सांगितलं. "आणि मी परत तेलातच आलो," ते म्हणाले. हे त्यांनाही तेव्हाच जाणवलं असावं, कारण ते बराच वेळ उठले नाहीत.

सुट्टी संपायच्या आत राहेलआजी स्वतः ठाण्याहून आली. नोआमनं तिला आधी नवगावात उभं केलं, मग हात धरून जिना चढवला. मध्येच थांबून त्यानं विचारलं, "आजी, मग आपला देश कुठला? वरचा की खालचा?"

आजी कठड्याला धरून दम खात होती. "मायभूमी खाली, पितृभूमी वर. दोन्ही आपल्याच. फक्त बाई, माझ्या गुडघ्यांचा विचार करून दोन्ही एका मजल्यावर ठेवायच्या होत्या!"

वर पोचल्यावर मात्र ती विटांच्या जेरुसलेमजवळ उभी राहिली. पदरानं तिनं डोळे टिपले, आणि सिंधुबाईंनी तिच्यासाठी खुर्ची आणली.

दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याच्या वर्गानं सिंधुबाईंना बोलावलं. त्या गेल्या, तिथल्या अंगणात त्यांनी देश आखला आणि मुलांना चार दिवस उन्हात पळवलं. त्यानंतर राहेलआजीचा हन्नाला फोन आला. आवाजात तक्रार होती, पण खुशीतली.

"अगं, इथली सगळी पोरं आता म्हणतात, यार्देन लई वळणं घेती. आणि काहीही विचारलं की 'हो' म्हणायचं सोडून तुमच्या बाईंसारखं नुसतं हाव, हाव!"