‘मग?’ विचारून गप्प बसणाऱ्या मॅडम

मॅडमना गप्प बसता येत असे. वाचायला हे सोपं वाटेल, पण आमच्याकडे समोरचं माणूस गप्प बसलं की आपल्याला राहवत नाही आणि आपण नको ते बोलून बसतो. मॅडम प्रश्न विचारायच्या, हाताची घडी घालायच्या आणि उत्तर येईपर्यंत खिडकीबाहेरच्या पोफळीकडे बघत राहायच्या. पोफळीत बघण्यासारखं काही नव्हतं.

पूर्णगडला घरामागे दोन खोल्या बांधून मी पाहुणे ठेवू लागले, ते एकाच कारणासाठी. नवरा मुंबईत नोकरीला. गणपतीला यायचा, मे महिन्यात यायचा, की परत बॅग भरायची. खोल्या चालल्या तर तो कायमचा घरी येणार होता. पण त्या चालेनात. पाहुणे यायचे, पोटभर जेवायचे, हसत जायचे आणि पुन्हा काही यायचे नाहीत.

मॅडम आल्या त्याही पाहुण्या म्हणूनच. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात नवी माणसं तयार करण्यात त्यांचा जन्म गेलेला. निवृत्तीनंतर रत्नागिरीत माहेरच्या घरी राहायला आलेल्या. पहिल्याच जेवणात म्हणाल्या, “सोलकढी सुरेख झालीय.”

“कसली हो, आमसुलं जरा जुनी होती,” मी म्हटलं.

“मासळी पण आज तेवढी बरी नाय,” सासरे, म्हणजे आमचे आबा, ओसरीवरून म्हणाले. मासळी सकाळीच होडीवरून आणलेली, फडफडीत.

मॅडमनी वाटी खाली ठेवली. “मग मला का वाढलीत?”

आमच्याकडे कोणी चांगलं म्हटलं की आपण कमीपणा घ्यायचा, ही रीतच. जाताना त्यांनी सांगितलं की छोटे धंदे करणाऱ्यांना त्या कोचिंग करतात. वाटलं तर मी यावं. फीसुद्धा त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकली, अजिबात न लाजता.

मी जायला लागले तेव्हा आबांनी विचारलं, “काय गो, ती बाई तुला क्रिकेट शिकवते काय?” कोच म्हणजे क्रिकेटचा, एवढंच त्यांना ठाऊक. एक-दोनदा परत येताना मलाही वाटलं की पैसे देऊन आपण नुसते प्रश्न घेऊन आलो. मी विचारलं, खोल्यांना एसी लावू का? त्या म्हणाल्या, “कोणी मागितला?” मी म्हटलं, एका पाहुण्याने. “मग?” आणि पोफळीकडे नजर. एसीचा विषय मीच गुंडाळला.

सोलकढीचं मात्र त्यांनी सोडलं नाही. आपल्याच हातच्या जेवणाला मी नावं का ठेवते, हे त्या फिरून फिरून विचारत. मी म्हणे सवय, संस्कार, नम्रपणा. “मग?” शेवटी एकदा चिडून मी म्हटलं, “नंतर कोणी नावं ठेवण्यापेक्षा आधी आपणच ठेवलेली बरी!” बोलले आणि मलाच रडू आलं. मॅडमनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. समजूत वगैरे काही घातली नाही. त्या दिवसापासून कोणी चांगलं म्हटलं की मी फक्त “हो, आवडलं ना?” म्हणते. आबांना पाहुण्यांच्या जेवणाच्या वेळी बागेत पाठवते. पाहुणे परत येऊ लागले, सोबत आणखी कोणाला घेऊन.

खरा पेच पुढे आला. एका कंपनीला आपल्या माणसांसाठी दोन्ही खोल्या वर्षभराच्या भाड्याने हव्या होत्या. ना स्वयंपाक, ना उस्तवार. नवरा फोनवर म्हणाला, देऊन टाक. गावानेही तेच सांगितलं. मी धावत मॅडमकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “मग नवरा घरी येऊन काय करणार?” तिथेच बसून मी कंपनीला नकार कळवला. गावाने मला वेड्यात काढलं.

पुढे मॅडमचे गुडघे थकले आणि मुलगी त्यांना बंगळूरला घेऊन गेली. जायच्या आधी त्या मुद्दाम जेवायला आल्या. ताट स्वच्छ करून म्हणाल्या, “चांगलं चालवतेस.” त्या पहिल्या सोलकढीनंतर इतक्या दिवसांत त्यांनी केलेली ही पहिली स्तुती. जिभेवर आलेलं “कसलं हो” मी गिळलं आणि म्हटलं, “हो.”

या गणपतीला आलेला नवरा परत गेला नाही. परवा एक पाहुणी त्याला म्हणाली, खोली छान आहे. हा म्हणतो, “छे हो, साधीच आहे.” स्वयंपाकघरात मी त्याला गाठलं. “साधी का म्हणालास?”

“असंच गो.”

“मग?” मी हाताची घडी घातली. तो बराच वेळ भांडी इकडची तिकडे करत राहिला. मग हळूच म्हणाला, “नाय चाललं तर परत जावं लागेल. भीती वाटते.”

संध्याकाळी मी मॅडमना फोन करून हे सगळं सांगितलं.

“मग?” त्या म्हणाल्या.

“मग काही नाही. तुमची फार आठवण आली.”

पलीकडे त्या गप्प झाल्या. या वेळी मीही काही बोलले नाही.