सरळ सूर

समस्त रसिकजनांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, दक्षिण ऑकलंडच्या एका हौशी ऑपेरा मंडळीने रंगवलेल्या इटालियन शोकांतिकेत, मरणासन्न नायिकेच्या खिडकीचा पडदा सारून ‘पहाट झाली, बाईसाहेब’ ही एकमेव ओळ एकटीने गाणारी मोलकरीण म्हणून प्रस्तुत लेखिकेची नेमणूक झाली होती. ओळ अर्थातच इटालियनमध्ये होती. टोपी मला मोठी होत होती. आणि मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते.

त्या दिवसांना माझ्या आठवणीत फेजोआचा वास आहे. साल बहुधा दोन हजार चौदा. मे महिना, इकडचा शरद सरत आलेला, फ्लॅट बुश उपनगरातल्या आमच्या परसात त्या हिरव्या फळांचा सडा, आणि पाचलाच उतरणाऱ्या अंधारात तो गोडसर, अत्तरी दरवळ ओलांडून मी तालमीला निघायची. हॉलमध्ये ओल्या लोकरी कोटांचा, जुन्या लाकडाचा आणि फार वेळ मुरलेल्या चहाचा वास असे. पियानोचा पहिला स्वर त्या गारठ्यात पडला, की मी अंगावरचा कोट काढायचंही विसरायची. पुण्यात मी बाईंकडे गाणं शिकले होते, संगीत नाटकांतून पदंही गायले होते; मग लग्न, व्हिसा, सॉफ्टवेअर, आणि गाणं हळूहळू गणपतीच्या आरतीपुरतं नि सिंकमधल्या भांड्यांपुरतं उरलं. चेहऱ्यावर प्रकाश, समोर काळोख, आणि त्या काळोखात आपला एकटीचा आवाज, ही तहान घशात बसून होती. एक ओळ म्हणजे जेमतेम ओंजळभर पाणी. पण मी ओंजळ मोजत बसणाऱ्यांतली नव्हे.

अडचण गळ्याची होती. पहाट म्हटलं की माझ्या गळ्याला भैरवातला कोमल ऋषभ आठवतो, आणि तो मेला हेलकावे घेतल्याशिवाय जागेवर उभाच राहत नाही. संगीत दिग्दर्शिका मार्गारेट, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेली, चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणायची, “इट्स मॉर्निंग, डार्लिंग, नॉट अ स्नेक. स्ट्रेट, प्लीज!” मी सरळ गायची. सूर वाकायचा. शेवटी एकदा तिने मला बाजूला घेऊन फार मायेने सांगितलं, की पुढच्या आठवड्यापर्यंत जमलं नाही तर ती ओळ दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.

मग मी रोज माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात जाता-येता गाडीच्या काचा बंद करून ती ओळ घोटू लागले. समोर मोटरवे, धुवून काढल्यासारखा लांबलचक, एका टोकाहून दुसऱ्या टोकाकडे न वळता जाणारा. आणि माझा गळा मात्र घाटातला, प्रत्येक वळणावर थांबून खालची दरी बघणारा. एकेक वळण मी कापत गेले. मुरकी गेली, मींड गेली, स्वराच्या कडेला सवयीने लागणारा तो इवलासा कणही गेला. घरी नवरा, श्रीकांत, दारातून डोकावून विचारायचा, “तुझी ती मोलकरीण आज आपल्याकडे भाकरी टाकणार का?” आमची सई वरच्या मजल्यावरून ओरडायची, “आई, द नेबर्स कॅन हिअर यू!” ऐकू देत, मी म्हणायची. त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं.

आणि एका तालमीत तो सूर आला. मार्गारेट पियानोवरचे हात उचलून म्हणाली, “स्वीट ॲज.” म्हणजे इकडच्या बोलीत ‘झकास’. त्या रात्री मी गाडीतून परत येत होते. नेहमीसारखं काहीतरी गुणगुणावं म्हणून तोंड उघडलं, तर तिथेही सरळच सूर निघाला. पाऊस काचेवरून घरंगळत होता, वाटेल तशी वळणं घेत.

प्रयोगाला हॉल भरला होता. एरवी दातांची डॉक्टर असलेली आमची नायिका उशांवर अतिशय देखणी मरत होती. मी टोपी सावरली, पडदा सारला, आणि कृत्रिम पहाटेचा पिवळसर उजेड थेट माझ्या तोंडावर आला. त्या उजेडाच्या कडेला, तिसऱ्या रांगेत, श्रीकांत दिसला. गाणं असलं की तो डोळे मिटून बसतो, तसाच बसला होता. तीन दारांपलीकडून माझी नुसती गुणगुण ऐकून आज स्वारीचा मूड कसा आहे ते सांगणारा माणूस. शेजारी सई. मी गायले. सूर काचेसारखा गेला, स्वच्छ, निष्कंप. त्यातून पलीकडचं सगळं दिसत होतं, एक मी सोडून. मार्गारेटच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यासाठी इतकी वर्षं तहानले होते तो प्रकाश तोंडावर होता, काळोख समोर होता, आणि मी स्वतःलाच शोधत उभी होते.

माझ्या ओळीनंतर वाद्यं थांबतात. नायिका पहाटेकडे पाहते. त्या निःशब्द क्षणी श्रीकांत डोळे मिटूनच सईकडे झुकला आणि त्याने अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात विचारलं,

“अगं, आई कधी गाणार?”