परत पाण्यात सोडा

नाशकात कोकणीपुऱ्यातल्या कादरला लोक विहिरीतली घागर काढणारा समजत. समजोत बापडे. मुंबईच्या गोदीत बारा वर्षं तो पितळी टोप घालून, शिशाचे जोडे चढवून समुद्राच्या तळाशी उतरला होता. बुडालेल्या पडावांचा माल त्याने वर काढला. एकदा तर लोखंडी नांगराखाली हात अडकला, तेव्हा दोन बोटं तिथेच सोडून आला होता.

चौतीस सालच्या दिवाळीनंतर नाशकाजवळच्या धरणाच्या मोरीत झाड अडकलं आणि कादरला बोलावणं आलं. ऐंशी फूट पाणी. एरवी दोर त्याचा मेव्हणा रहेमान धरी. बहिणीचा नवरा खाली असला की तो बिडीसुद्धा ओढत नसे. पण त्या दिवशी तो हिवतापाने फणफणलेला. मग दोर पेठकडच्या मंगळूच्या हाती गेला. वीस वर्षं विहिरी खोदलेला, दणकट गडी.

"दोन हिसके म्हणजे दोर ढील दे. चार म्हणजे वर घे. पण सावकाश, मधेमधे थांबत. कळलं?"

"कळलं ना कादरभाई. मी काय लेकरू हाय?"

दोन तास कादर खाली करवत चालवत होता. मग एक फांदी सुटली आणि दोराला अडकून हिसके देऊ लागली. दोन नाही, चार नाही, नुसते थडाथड. विहिरीत असा दोर हलला की एकच अर्थ: सुरुंगाला बत्ती लागली, खालच्याला ओढा. मंगळूने विचार केलाच नाही. चार गड्यांना हाक मारून त्याने दोर सरसर ओढला. मिनिटाच्या आत कादर काठावर.

"अरे, मला काय पोहरा समजलास?" टोप काढताच कादर हसला. पण थोड्या वेळाने गुडघ्यात कळ उठली आणि त्याचं हसू मावळलं. हे दुखणं त्याने गोदीत पाहिलं होतं. खोल पाण्यात अंगात मुरलेली हवा, माणूस झटक्यात वर आला की सोडावॉटरसारखी फसफसते. उपाय एकच: पुन्हा तेवढंच खोल जायचं आणि हळूहळू वर यायचं. तेही ताबडतोब.

"टोप चढवा! परत पाण्यात सोडा मला!"

ओव्हरसियर धावत आला. "भ्रमिष्ट झालाय हा. मरायला टेकलेल्याला पाण्यात घालू? उद्या खुनाचा बोभाटा माझ्या नावानं!"

"साहेब, डोकं शाबूत आहे, पण पाय हातचे चाललेत. मांडीपर्यंत कळेनासं झालंय. हात जोडतो."

मंगळूने टोप उचलला. ओव्हरसियरने तो हिसकावून घेतला. "चल हट, अडाणी! तुझ्याच हातानं झालंय हे."

अडाणी! गोदीत बारा वर्षं घालवलेला माणूस घसा फोडून उपाय सांगत होता आणि कॉलेजच्या कागदाने त्याचं तोंड बंद केलं. लॉरीत घालून कादरला नाशकाला आणलं. दवाखान्यात पोचेपर्यंत कमरेखाली सगळं लाकूड झालं होतं.

आठ दिवसांनी ओव्हरसियर कागद घेऊन आला. मंगळूने दोर चुकीचा ओढला, एवढ्यावर सही हवी होती.

"मी वर आलो तेव्हा पाय होते," कादर म्हणाला. "ते नंतर गेले. तेवढं लिहा, मग सही करतो."

कागद सहीविनाच परत गेला. मंगळूला मात्र कामावरून काढलंच.

तो पेठला गेला नाही. कादरची बायको सितारा दवाखान्यात डबा घेऊन येई, तेव्हा हा आधीच खाटेच्या पायथ्याशी बसलेला असे. तेल घेऊन कादरचे पाय चोळत राही.

"कळतंय का कादरभाई?"

सिताराने पदर तोंडाला लावला. कादरने वर आढ्याकडे पाहिलं.

"कळतंय," तो म्हणाला. "जरा हळू चोळ."