सवयीचा पाय

इस्पितळाच्या तळघरात लाकडाचे आणि चामड्याचे पाय बनवणारे मामा. कुणाचे मामा ते विचारू नका, सगळ्यांचेच. गुडघ्याखाली पाय गेलेला माणूस त्यांच्याकडे रडत यायचा आणि चालत जायचा. पुढे कारखान्यातून हलके, नवे पाय तयारच येऊ लागले. साहेबांनी मामांच्या कपाटावर चिठ्ठी डकवली: ऑब्सोलीट.

"नव्याचे नऊ दिवस," म्हणत मामा घरी आले. इंग्रजी शिकवणाऱ्या लेकीला त्यांनी अर्थ विचारला.

"कालबाह्य, बाबा. मूळ लॅटिन. हळूहळू सवय सुटणं, वापरातून जाणं. मोडलं, बिघडलं असं त्यात काही नाही."

"मग लोकांची सवय सुटू दे, तेव्हा लावा म्हणावं चिठ्ठी," मामा फणकारले.

एका माणसाची तर सुटलेली नव्हतीच. शाळेच्या लायब्ररीतल्या बाई लग्नाआधीपासून मामांचाच पाय वापरत होत्या. त्याचा सांधा आता पार झिजला होता आणि बदलायला भाग मिळत नव्हता. जिन्यावर दगा दिला असता तर बाईंचं कंबरडंच मोडलं असतं. नवा पाय त्यांनी घेतला खरा, पण पलंगाखाली सारून दिला.

"मामा, मला तुमचाच बरा. तेवढा एक खिळा ठोका."

मामा आतून सुखावले. का नाही सुखावणार? त्यांनी हातोडी उचललीसुद्धा. पण सांधा हातात खुळखुळला आणि त्यांनी ती खाली ठेवली. ही सवय त्यांनीच लावली होती, मोडायचीही त्यांनीच. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

"उद्यापासून नवा घालून यायचं. मी चालवतो."

"तुम्हीसुद्धा फिरलात ना?" बाई रुसल्या. पण आल्या. रोज सकाळी इस्पितळाच्या लांबलचक व्हरांड्यात बाई चालायच्या, मामा शेजारी हात धरून. "आधी टाच टेकवा. गाडी सुटतेय का तुमची?" बाई पडल्या, चिडल्या, परत उठल्या.

एका सकाळी नातवाच्या खोड्या सांगता सांगता बाई जिना उतरल्या. कठडा धरला नाही, पायाकडे एकदाही बघितलं नाही. मामा वरच थांबले. आजवर लोकांनी त्यांच्या पायांचे गोडवे गायले होते. पायच विसरून चालणारं माणूस ते पहिल्यांदा बघत होते.

"काय झालं? या ना खाली," बाई म्हणाल्या.

मामा जिना उतरून आले. "बाई, फार उपकार झाले तुमचे," ते म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."